वत्सगुल्माची माती आणि मुंबईची भट्टी

मुंबईस बोरीबंदराहून क्रॉफर्ड मार्केटाच्या बाजूस जाऊं लागलें म्हणजे डाव्या हातास, जुन्या झाडांच्या आड, गॉथिक वळणाची एक इमारत दिसते. जॉर्ज ट्विग मोल्सी ह्यांच्या आराखड्याप्रमाणें बांधलेली ही इमारत १८७८ सालीं पुरी झाली. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं जी कलाशाळा निघाली, तिचें हें घर. २०२३ सालीं ह्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि अशा रीतीनें ती जुनी शाळा विद्यापीठाची वास्तु झाली. चित्रकला आणि शिल्पकला ह्यांच्या शेजारीं तेथें मातीकाम आणि वस्त्ररचना हेहि विषय शिकविले जातात. कुंभाराचें चाक आणि कोष्ट्याचा माग ह्या दोन वस्तु आपल्या समाजानें शतकानुशतकें गांवाच्या कडेस ठेवल्या होत्या. त्या विद्यापीठाच्या वास्तूंत येऊन बसल्या, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाहीं.

ह्या शाळेंतील मातीच्या भांड्यांवर एके काळीं जी नक्षी उमटली, तिचें मूळ शोधीत गेलें तर आपण अजिंठ्यास पोंचतों, आणि अजिंठ्याहून थेट वाशीमला. वाशीम हें आज पश्चिम विदर्भांतील एक जिल्ह्याचें ठिकाण. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा काढलेला हा जिल्हा. रेल्वेच्या वेळापत्रकांत किंवा कापसाच्या भावांत त्याचें नांव वाचावें, यापलीकडे मुंबई-पुण्याच्या माणसास त्याची ओळख नसते. परंतु आपल्या कलेच्या इतिहासांतील एक मोठें देणें ह्या गांवाच्या नांवावर मांडलेलें आहे. तें देणें कसें उत्पन्न झालें, कोणकोणत्या हातांतून फिरलें, आणि अजून फिटलें कां नाहीं, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन ह्याच्या मागें त्याच्या राज्याची वांटणी झाली. एक शाखा नागपूरच्या बाजूस नंदिवर्धनाला राहिली, आणि सर्वसेन नामक पुत्रानें वत्सगुल्म येथें आपली राजधानी केली. हा काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा. सर्वसेन स्वतः कवि होता. त्याचें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य आज उपलब्ध नाहीं, परंतु पुढच्या साहित्यशास्त्रकारांनीं त्याचा आदरानें उल्लेख केला आहे. राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या ह्यांचा विवाह लावून दिला, तोहि ह्याच नगरांत. वाशीमजवळ हिस्से-बोराळा येथें सांपडलेला एक शिलालेख देवसेन राजाच्या वेळचा, शके ३८० चा, म्हणजे इसवी सन ४५८ च्या सुमाराचा आहे. स्वामिल्लदेव नांवाच्या पुरुषानें ‘सुदर्शन’ नामक तलाव करविल्याची हकीकत त्यांत दिली आहे. काव्य, साहित्य, आणि शेतीस पाणी: राजधानीस शोभणाऱ्या सर्व गोष्टी त्या काळीं येथें होत्या. ह्या देवसेनाचा पुत्र हरिषेण. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, ह्याच हरिषेणाच्या अमलाखालीं, अजिंठ्याचीं सर्वांत सुंदर लेणीं खोदलीं आणि रंगविलीं गेलीं.

हें सारें आज आपण सहज बोलतों. पण शंभर वर्षांपूर्वीं हें कोणास ठाऊक नव्हतें. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत हरिषेणाचा अमात्य वराहदेव ह्याचा लेख आहे. त्यांत वाकाटकांची वंशावळ दिली असून, हें लेणें गवाक्षांनीं आणि चित्रवीथींनीं कसें शोभिवंत झालें आहे ह्याचेंहि वर्णन आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं, आणि त्यांच्यामागून भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर ह्या पंडितांनीं तो लेख वाचला. परंतु अक्षरें झिजलेलीं. वंशावळींतील कांहीं नांवें लागलीं, कांहीं भलतींच लागलीं. वाकाटकांची एक निराळी शाखा होती आणि तिची राजधानी वाशीम होती, हें त्या वाचनांतून निघालें नाहीं.

पुढें १९३९ सालीं खुद्द वाशीम येथें एक ताम्रपट उजेडांत आला. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति ह्यानें आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेलें हें दानपत्र. त्याचा वंशवर्णनाचा भाग संस्कृतांत आहे, आणि प्रत्यक्ष दानाचा भाग प्राकृतांत. डॉ. य. खु. देशपांडे आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं तो प्रसिद्ध केला. त्याच्या आधारें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासून १९४१ सालीं त्याचें नवें वाचन दिलें. मागच्या वाचनांत हरवलेलें सर्वसेनाचें नांव आपल्या जागीं परत आलें. त्या दिवसापासून अजिंठ्याच्या वैभवाची सनद वाशीमच्या नांवानें लिहिली गेली असें म्हणावयास हरकत नाहीं. चौदाशें-पंधराशें वर्षें एक गांव आपलें ऋण विसरून बसलें होतें, आणि जगहि विसरलें होतें. आठवण दिली ती तांब्याच्या पत्र्यानें.

आतां ह्या लेण्यांतील भिंतीकडे जरा जवळून पाहूं. अजिंठ्याचें चित्र थेट दगडावर काढलेलें नाहीं. टांकीच्या घावांनीं खडबडीत ठेवलेल्या पाषाणावर आधीं मातीचा गिलावा दिला आहे. ह्या मातींत भाताचें तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतु मळून घातले आहेत, म्हणजे ती वाळतांना भेगाळूं नये आणि भिंत सोडूं नये. तिच्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. ज्यांना आपण अजिंठ्याचीं भित्तिचित्रें म्हणतों, त्यांच्या खालीं अशा रीतीनें माती आणि तंतु हींच दोन द्रव्यें आहेत. राजाचा मुकुट, बोधिसत्त्वाच्या हातांतलें कमळ, दासीच्या डोळ्यांतलें पाणी, हें सर्व ज्यानें तोलून धरलें आहे तें काम चिखल तुडविणाऱ्याचें आहे.

चित्रांतहि पाहावें तिकडे माती आणि सूत. स्त्रीपुरुषांच्या वस्त्रांवर रंगीत पट्टे आहेत. त्यांतील कांहीं पट्ट्यांची मोडणी अशी कीं सूत आधीं बांधून, रंगवून, मग विणण्याची रीति त्या काळीं चालू असावी असें जाणत्यांस वाटतें. पहिल्या लेण्यांत एका वस्त्रावर हंसांच्या पंक्ति विणलेल्या किंवा छापलेल्या दिसतात. कोठें नेसूचें वस्त्र इतकें तलम आहे कीं तें केवळ त्याच्या कांठावरून ओळखूं यावें. कोठें शिवलेली चोळी आहे, कोठें जाडा अंगरखा घातलेला परदेशी मनुष्य पेला हातांत घेऊन बसला आहे. कापसांतून सरकी निराळी काढण्याचें एका लाटण्याचें साधेसें साधनहि ह्या चित्रांत अभ्यासकांनीं ओळखलें असून, जगांतील त्याचा हा सर्वांत जुना पुरावा समजला जातो. वऱ्हाड म्हणजे कापूस, हें समीकरण रेल्वेनें किंवा इंग्रजांनीं घालून दिलेलें नाहीं, एवढें ह्यावरून समजावें. आणि छतें पाहिलीं तर तीं दगडाचीं वाटतच नाहींत. चौकटींमागून चौकटी, त्यांत कमळें, फळें, बैल, पक्षी, वेली. जणूं मंडपावर कोणी नक्षीदार चांदवा ताणून बांधला आहे. ह्या छतांच्या चौकटीच पुढें मुंबईस जाणार होत्या.

त्या कशा गेल्या ही कथा अग्नीची आहे. रॉबर्ट गिल ह्या लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ च्या सुमारापासून जवळजवळ वीस वर्षें अजिंठ्याच्या परिसरांत राहून ताणलेल्या कापडावर तैलरंगांनीं ह्या चित्रांच्या भव्य नकला केल्या. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत त्या वास्तूस आग लागली, आणि त्यांतील बहुतेक जळून गेल्या. तेव्हां तें काम पुन्हा करावें असें ठरलें, आणि तें मुंबईच्या कलाशाळेकडे आलें. जॉन ग्रिफिथ्स हे चित्रकार १८६५ सालीं शाळेंत शिक्षक म्हणून आले होते. त्यांच्या बरोबर जॉन लॉकवुड किपलिंग हे घडीव कामाचे आणि हिगिन्स हे लोहकामाचे शिक्षक होते. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स आणि त्यांचे हिंदी विद्यार्थी अजिंठ्यास जाऊन, पहाड बांधून, मशालीच्या नि आरशाच्या उजेडांत भिंतीवरची रेघ न् रेघ उतरवून घेत राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतील अग्रणी. ह्या शेंकडों नकला लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयास रवाना झाल्या. १८८५ सालीं तेथेंहि आग लागली, आणि पुष्कळ चित्रें दुसऱ्यांदा भस्म झालीं. जीं उरलीं त्यांच्या आणि हाताशीं असलेल्या रेखाटनांच्या आधारें ग्रिफिथ्स ह्यांनीं १८९६-९७ सालीं आपला दोन खंडांचा ग्रंथ छापविला.

कापड अग्नीपुढें टिकत नाहीं. परंतु ह्याच वर्षांत शाळेच्या आवारांत दुसरी एक आग पेटली होती, आणि ती जाळणारी नव्हे, भाजणारी होती. शाळेचे आरंभीचे शिक्षक आणि नंतरचे प्रमुख जॉर्ज विल्किन्स टेरी ह्यांना मातीकामाचा मोठा छंद. सिंध त्या वेळीं मुंबई इलाख्यांतच मोडत असे. तेथील हाला आणि ठट्टा ह्या गांवीं निळ्या-हिरव्या कांचेची झिलई चढविण्याची विद्या कुंभारांच्या घराण्यांतून चालत आलेली होती. ती विद्या टेरी ह्यांनीं शाळेंत आणली. आपल्याकडील साधें मडकें आव्यांत भाजतात. त्याची माती सच्छिद्र राहते, आणि म्हणूनच त्यांत पाणी गार होतें. झिलईच्या भांड्यास हें चालत नाहीं. त्यास एकदां भाजावें, त्यावर नक्षी रंगवावी, वाळूच्या आणि क्षारांच्या पुडीचें पाणी वरून द्यावें, आणि पुन्हा भट्टींत घालावें. मग ती पूड वितळून कांच होते आणि नक्षी तिच्या आंत कायमची बंद होते. ह्या भट्टींतून दोन तऱ्हेचीं भांडीं निघूं लागलीं: एक सिंधी वळणाचीं, आणि दुसरीं अजिंठ्याच्या नक्षीचीं. जॉर्ज बर्डवुड ह्यांनीं हिंदुस्थानच्या कलाकौशल्यावरील आपल्या १८८० च्या ग्रंथांत ह्या भांड्यांची दखल घेतली आहे. पुढें टेरी ह्यांनीं ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ ह्या नांवानें स्वतंत्र कारखानाहि चालविला.

म्हणजे घडलें तें असें. वत्सगुल्माच्या राजाच्या काळांत मातीच्या गिलाव्यावर जीं कमळें रंगविलीं गेलीं, तीं कापडावर उतरून विलायतेस गेलीं आणि आगींत गेलीं. तींच कमळें मातीच्या भांड्यावर उतरलीं, आगींतून गेलीं, आणि टिकलीं. भायखळ्यास १८७२ सालीं लोकांस खुल्या झालेल्या संग्रहालयांत ह्या मुंबई शाळेच्या भांड्यांचे नमुने आजहि पाहावयास मिळतात. त्या संग्रहालयास १९७५ पासून नांव आहे तें डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचें. वराहदेवाचा लेख वाचणाऱ्या पहिल्या हिंदी पंडिताच्या नांवाच्या छपराखालीं वराहदेवाच्या काळचीं कमळें यावीं, हा योगायोग कोणी ठरवून घडविला नसता.

परंतु, श्रोतेहो, ह्या कथेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्या भांड्यांच्या बुडाशीं शाळेचें किंवा कारखान्याचें नांव असतें. चाकावर बसलेल्या माणसाचें सामान्यतः नसतें. सोळाव्या लेण्यांत राजाचें नांव आहे, अमात्याचें नांव आहे. चिखल तुडविणाऱ्याचें नाहीं, हंसांची पंक्ति विणणाऱ्याचें नाहीं. चौदाशें वर्षांत रिवाज बदलला नाहीं, हें एका परीनें समजण्यासारखें आहे. पण एकोणिसाव्या शतकांत त्यांत एक नवी गोष्ट भर पडली. त्याच सुमारास वऱ्हाडचा कापूसहि असाच निघाला होता. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस बंद पडला आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून कारंजावरून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांचा मार्ग पडला, तोहि मुख्यतः कापसासाठींच. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा ही कापसाची नामांकित पेठ. तेथील बोंड गाठोड्यांत बांधलें गेलें, मुंबईच्या बंदरांतून मँचेस्टरला गेलें, आणि मँचेस्टरचें कापड होऊन परत कारंजाच्या दुकानांत आलें.

मुंबईच्या ज्या वास्तु आपण आज कौतुकानें पाहतों, त्यांतहि ह्या कापसाचा पैसा आहे. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि ग्रंथालय ज्यांच्या देणगीनें उभे राहिले, ते प्रेमचंद रायचंद कापसाचे व्यापारी होते. तो मनोरा पुरा झाला १८७८ सालीं. कलाशाळेची इमारत पुरी झाली तें वर्षहि हेंच. अफगाण चर्चसारख्या इमारतींच्या जमिनीस नक्षीदार फरश्या विलायतेंतील मिंटनच्या कारखान्यांतून आल्या, आणि त्याच शहरांत शाळेची भट्टी नक्षीदार भांडीं भाजून प्रदर्शनांस पाठवीत होती. कापूस कच्चा माल म्हणून गेला, तशी नक्षीहि कच्चा माल म्हणूनच गेली. गाठोड्यावर शिक्का व्यापाऱ्याचा, आणि नक्षीवर शाळेचा. वाशीमचें नांव दोहोंवरहि नव्हतें. नक्षीच्या बाबतींत तर तें कोणास ठाऊकच नव्हतें, हें आपण पाहिलें. कापसाच्या बाबतींत ठाऊक असून लिहिलें गेलें नाहीं.

पुढें शाळेंत हातकामास हळूहळू अधिक मानाची जागा मिळत गेली. १८९१ सालीं गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नांवानें हस्तकलांच्या कर्मशाळा निघाल्या. तेथें धातुकाम, लाकडी नक्षीकाम आणि गालिचे विणणें अशीं कामें शिकवीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर, सेसिल बर्न्स हे प्रमुख असतांना, मातीकामाच्या शास्त्रोक्त अभ्यासासाठीं प्रयोगशाळा उभी राहिली. तरीसुद्धां एक भेद कायम राहिला. चित्र काढणारा तो कलावंत, आणि भांडें घडविणारा किंवा कापड विणणारा तो कारागीर. एकाचें नांव चित्राच्या कोपऱ्यांत, आणि दुसऱ्याचें हजेरीपटावर.

हा भेद मोडण्याचें काम स्वातंत्र्यानंतरच्या पिढीनें केलें. अमेरिकेंतील क्रॅनब्रुक येथें विणकाम शिकून आलेल्या मुंबईच्या नेली सेठना (१९३२-१९९२) ह्यांनीं मागावर विणलेलें कापड अंगावरून उचलून भिंतीवर नेलें, आणि सुताच्या गांठींतून शिल्पाची जाडी नि खोली दाखविली. शिवाय आंध्रांतील कलमकारीच्या कारागिरांबरोबर बसून त्या लोपत चाललेल्या विद्येचा पाठपुरावा केला. निर्मला पटवर्धन ह्यांनीं झिलयांचे प्रयोग करीत आयुष्य घालविलें, आणि १९८४ सालीं कुंभारकामावरचें आपलें हस्तपुस्तक प्रसिद्ध करून, जें ज्ञान घराण्याबाहेर जात नसे, तें वजनमापांसह सर्वांपुढें उघडें केलें. आणि बिहारमधील कुंभाराच्या घराण्यांत जन्मून भाईंदरला भट्टी घालणारे ब्रह्मदेव पंडित ह्यांना २०१३ सालीं ‘पद्मश्री’ मिळाली. चाकावर बसलेल्या माणसाचें नांव राष्ट्राच्या यादींत आलें. मुंबईच्या त्या जुन्या वास्तूंत आज जो मुलगा किंवा मुलगी माती मळीत असते, ती केवळ भांडें घडवीत नाहीं. कधीं ती भिंतीएवढी आकृति रचते, कधीं मोडक्या खापरांतून शहराची गोष्ट सांगते. वस्त्ररचनेची विद्यार्थिनी सुताच्या ताण्यांत वर्तमानपत्राच्या पट्ट्याहि विणूं पाहते. आणि प्रदर्शनांत कामाखालीं चिठ्ठी असते, तिच्यावर तिचें नांव असतें. हें फार मोठें पाऊल आहे.

आतां पुन्हा वाशीमला चलूं. तेथें माती आणि सूत थांबलेलीं नाहींत. पोळ्याच्या आधीं कुंभारआळींत मातीचे बैल होतात. अक्षय्य तृतीयेस, म्हणजे वऱ्हाडच्या आखाजीस, नवी घागर भरून पितरांस पाणी दिल्यावांचून घरांत कोणी पाण्यास तोंड लावीत नाहीं. नवरात्रांत घट बसतो. वर्षाच्या ह्या तीन दिवशीं तरी विहिरीचा नळ झाला आणि पितळेचें पोलाद झालें, तरी मातीस पर्याय नाहीं. आणि सुताकडे पाहावयाचें तर मानोरा तालुक्यांतील पोहरादेवीस जावें. संत सेवालाल महाराजांची समाधि येथें आहे, आणि देशभरच्या बंजारा समाजाची ही काशी आहे. रेल्वेच्या पूर्वीं बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य आणि वऱ्हाडचा कापूसहि दूरदूर नेणारा समाज तो हाच. आगगाडीनें त्यांचा धंदा नेला. परंतु तांड्यांतील बायांनीं आपली सुई खालीं ठेवली नाहीं. लाल-निळ्या सुती कापडावर आरसे, कवड्या, नाणीं आणि चौकोनी टांक्यांची दाट भरण करून त्यांनीं आपली कांचळी, आपला घागरा आणि आपल्या थैल्या सजविल्या. ज्या समाजानें इतरांसाठीं कापूस वाहिला, त्यानें स्वतःसाठीं त्याच्यावर आपला इतिहास शिवून ठेवला. २०२४ च्या ऑक्टोबरांत पोहरादेवी येथें नगाऱ्याच्या आकाराच्या वास्तूंत बंजारा वारशाचें संग्रहालय खुलें झालें, आणि ह्या शिलाईस प्रथमच आपल्या जिल्ह्यांत पक्कें छप्पर मिळालें.

मग देणें फिटलें काय? मला तसें वाटत नाहीं. मुंबईच्या विद्यापीठांत सुताच्या कामास ‘समकालीन कला’ म्हणतात. तांड्यावर तेंच काम केलें तर तें ‘पारंपरिक हस्तव्यवसाय’ ठरतें. तेथें कामाखालीं करणाराचें नांव, येथें समाजाचें. ‘बंजारा भरतकाम’ म्हटलें कीं आपलें समाधान होतें. तें कोणत्या बाईनें, कोणत्या तांड्यावर, किती महिने बसून केलें, हें विचारावेंसें आपणांस वाटत नाहीं. ‘वाकाटककालीन चित्रें’ म्हणतांना आपण हेंच करतों, आणि त्या वेळीं आपला निरुपाय असतो, कारण विचारावें कोणास? ती पिढी पंधराशें वर्षांपूर्वीं मातींत मिळाली. पण पोहरादेवीच्या यात्रेंत घागऱ्याचा घोळ सांवरीत चाललेली आजी जिवंत आहे. वाशीमच्या कुंभारआळींत पोळ्याचे बैल करणारा हात जिवंत आहे. तेथें ‘विचारावें कोणास’ ही सबब चालणार नाहीं.

ह्यांत कोणास दोष देण्याचा हेतु नाहीं. विद्यापीठें अशींच हळूहळू शहाणीं होतात. ज्या वास्तूंत प्रथम पाश्चात्त्य पुतळ्यांच्या नकला काढण्यास शिकवीत, तेथेंच अजिंठा पोंचला. जेथें कारागीर हजेरीपटावर होता, तेथेंच तो चिठ्ठीवर आला. पुढचें पाऊलहि तेथूनच पडूं शकेल, आणि त्याचा कित्ता त्या शाळेच्याच इतिहासांत आहे. १८७२ सालीं ग्रिफिथ्स ह्यांनीं आपले विद्यार्थी मुंबईबाहेर काढून अजिंठ्याच्या डोंगरांत नेले. तेरा वर्षें तीं मुलें भिंतीपुढें बसलीं. म्हणूनच त्या नक्षीचा ठेवा राहिला. आतांच्या विद्यार्थ्यांचा एक मुक्काम वाशीमलाहि पडावा. त्यांनीं कुंभारआळींत चाकाशीं बसावें, पोहरादेवीच्या तांड्यांवर जाऊन टांका शिकावा, आपली झिलई त्यांना दाखवावी, त्यांची भरण आपण पाहावी. नक्षी उतरून घेण्याची विद्या शाळेस चांगली अवगत आहे. ह्या खेपेस वहींत नक्षीच्या शेजारीं ती करणाराचें नांव आणि गांव लिहून घ्यावें, आणि मुंबईस परत आल्यावर भिंतीवरच्या चिठ्ठीवर दोन्ही नांवें एका ओळींत लिहावीं, इतकेंच मागणें आहे.